संगणकावरील डाउनलोडच्या नोंदी आणि त्यांची सफाई

(इयत्ता ६ वी व ७ वी शिकविणाऱ्या शिक्षकांकरिता)

तालुक्याच्या गावी एखाद्या संगणक केंद्रात दुपारच्या वेळी जाऊन बसले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. आसपासच्या खेड्यातील एखादे गुरुजी किंवा बाई घाईघाईने आत येतात. शाळेतील वीज गेलेली असते, किंवा वीज असून नेट चालत नसते, आणि विद्यार्थ्यांची माहिती त्याच दिवशी भरून द्यावयाची असते. ते पोर्टल उघडतात, वर्गाची यादी उतरवून घेतात, तीत दुरुस्त्या करतात, छापील प्रत काढतात, पैसे चुकते करतात आणि परतीची एस. टी. गाठतात. अशा यादीत मुलांची नावे, जन्मतारखा, जाती, पालकांचे मोबाइल क्रमांक, कित्येकदा आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या बँक खात्यांचे क्रमांकही असतात. इकडे एस. टी. सुटते आणि तिकडे त्याच खुर्चीवर दुसरा कोणी येऊन बसतो.

काही दक्ष शिक्षक उठण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून करतात. पडद्यावर सफाईच्या प्रोग्रामचे चित्र असते, ते दाबतात. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाते, शेवटी अमुक इतके मेगाबाइट मोकळे झाले असा आकडा झळकतो, आणि आपण मागे काही ठेवले नाही असे समाधान मानून ते निघतात. हे समाधान कितपत खरे असते, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. शिक्षकाने तो प्रथम स्वतःसाठी करावा. मुलांना शिकविण्याचा भाग त्यानंतर येतो.

नोंद निराळी, वस्तू निराळी

शाळेत टपाल आले की ते आवक नोंदवहीत चढविले जाते. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून आले आणि विषय, एवढे वहीत लिहून मूळ पत्र त्या त्या फाइलला लावले जाते. आता कोणी वहीतील ती ओळ खोडली, तर पत्र नाहीसे होते काय? ते फाइलीत जसेच्या तसे राहते. उलट पत्र जाळून टाकले, तर ते अमुक दिवशी आले होते हे वही सांगतच राहते. आणि वही व पत्र ही दोन्ही नष्ट केली, तरी ज्या कार्यालयाने ते पाठविले त्याच्या जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक असतोच.

ब्राउझरचे काम नेमके याच रीतीने चालते. फाइल उतरवून घेतली की ती 'डाउनलोड्स' या फोल्डरमध्ये जाऊन पडते. हे झाले पत्र. त्याच वेळी ब्राउझर आपल्या वहीत एक ओळ लिहितो; हा झाला डाउनलोडचा इतिहास. क्रोम या ब्राउझरची ही वही म्हणजे 'हिस्टरी' नावाची एक फाइल होय. फाइल कोणत्या पत्त्यावरून आली, संगणकात कोठे ठेवली, उतरण्यास केव्हा आरंभ झाला व केव्हा संपले आणि तिचा आकार किती, हे सर्व तीत असते. कळफलकावरील कंट्रोल व जे या कळा एकदम दाबल्या की बहुतेक ब्राउझरांत ही यादी उघडते. तेथून एखादी नोंद काढली, किंवा कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तीन कळा दाबून उघडणाऱ्या चौकटीतून सगळा डाउनलोडचा इतिहास पुसला, तरी तो वहीचा भाग पुसला गेला. मुलांची यादी फोल्डरमध्ये तशीच पडून असते. काही नव्या आवृत्त्यांत नोंदीशेजारी फाइलही खोडण्याचे निराळे बटण दिलेले असते; दोन्ही बटणे लहान व एकमेकांजवळ असल्यामुळे कोणते काय करते ते वाचूनच दाबावे.

येथे एका नेहमीच्या प्रमादाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. यादी उतरण्यास वेळ लागला म्हणजे घाईतील मनुष्य तेच बटण पुन्हा दाबतो. मग त्याच नावाची दुसरी प्रत येते आणि नावापुढे कंसात १ हा आकडा पडतो; तिसऱ्यांदा दाबल्यास २ पडतो. निघताना शिक्षक मूळ फाइल आठवणीने खोडतात, पण कंसातील आकड्यांच्या प्रती मागेच राहतात. सार्वजनिक संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये सर्वांत अधिक सापडणारा ऐवज बहुधा हाच.

खुणा एवढ्या दोनच ठिकाणी राहतात असेही नाही. एक्सेल किंवा वर्डमध्ये उघडलेल्या फायलींची नावे तो तो प्रोग्राम आपल्या 'अलीकडील' यादीत ठेवतो, आणि विंडोजही स्वतंत्रपणे ठेवते. ई-पत्रासोबत आलेला कागद जतन न करता थेट उघडला, तरी त्याची एक प्रत तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये उतरलेली असते. शिवाय विंडोज उतरविलेल्या फाइलीला एक अदृश्य चिठ्ठी जोडते, आणि ही फाइल नेटवरून आली आहे असे त्या चिठ्ठीत लिहिलेले असते. कित्येकदा मूळ पत्ताही असतो. एक्सेलची उतरविलेली फाइल उघडताना माथ्यावर जी पिवळी पट्टी येते, ती या चिठ्ठीमुळे. ब्राउझरचा सारा इतिहास पुसला तरी चिठ्ठी फाइलीला चिकटून राहते.

गुप्त खिडकी, म्हणजे 'इनकॉग्निटो', उघडून काम केल्यास हे सर्व टळते अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच बरोबर आहे. खिडकी बंद केली की ब्राउझर आपल्या वहीतील ओळी ठेवीत नाही. परंतु उतरविलेली फाइल मात्र फोल्डरमध्ये राहते. म्हणजे वही कोरी आणि पत्र टेबलावर उघडे, अशी स्थिती होते. नोंद दिसत नसल्यामुळे पत्राची आठवणही होत नाही, आणि म्हणून ही स्थिती एका परीने अधिक धोक्याची म्हटली पाहिजे.

सफाईचे प्रोग्राम

वही, तात्पुरत्या प्रती, अलीकडील याद्या आणि कचरापेटी या निरनिराळ्या जागा एका दमात झाडून काढणे, हे सफाईच्या प्रोग्रामचे काम. अशा प्रोग्रामांत 'सीक्लीनर' हा सर्वांत प्रसिद्ध. लंडन येथील पिरिफॉर्म या कंपनीने तो २००४ साली काढला. 'ब्लीचबिट' हा दुसरा, २००८ पासून उपलब्ध असलेला. त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता येते. दोन्हींत चौकोनांची एक लांबलचक यादी असते आणि ज्या चौकोनावर खूण केली असेल तेवढीच जागा झाडली जाते. सारे मर्म येथे आहे. खूण डाउनलोडच्या इतिहासावर असेल तर वही साफ होते, पण डाउनलोड्स फोल्डर सहसा त्या यादीत नसतो, कारण त्यात माणसाने हौसेने किंवा गरजेने ठेवलेल्या वस्तू असतात आणि केर कोणता व ऐवज कोणता हे प्रोग्रामला कळत नाही. म्हणून शेकडो मेगाबाइट मोकळे झाल्याचा आकडा पडद्यावर आला तरी मुलांची यादी जागच्या जागी असणे शक्य असते. मोकळी झालेली जागा बहुतांशी पाहिलेल्या पानांवरील चित्रांच्या साठवलेल्या प्रतींची असते.

याच्या अगदी उलट घोटाळाही घडलेला आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत, जुन्या 'डिस्क क्लीनअप' या सफाईच्या चौकटीत डाउनलोड्स फोल्डरचाही चौकोन घालण्यात आला. वर्षानुवर्षांच्या सवयीने सगळ्या चौकोनांवर खुणा करणाऱ्या लोकांच्या कामाच्या फायली त्यामुळे नाहीशा होऊ लागल्या. पुढे तो चौकोन काढून टाकण्यात आला. मात्र 'स्टोरेज सेन्स' या सोयीत, ठराविक दिवस न उघडलेल्या डाउनलोड्समधील फायली आपोआप खोडण्याचा पर्याय आजही देता येतो. शाळेच्या संगणकावर तो कोणी सुरू करून ठेवला असेल, तर जूनमध्ये उतरविलेले परिपत्रक दिवाळीनंतर सापडणार नाही. जपून ठेवावयाचा कागद डाउनलोड्समध्ये न ठेवता वर्ष व विषय यांच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये हलविणे, हा यावरील साधा उपाय.

प्रोग्राम कोठून आणला यालाही महत्त्व आहे. १५ ऑगस्ट २०१७ रोजी सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात पिरिफॉर्म ही कंपनी ॲव्हास्ट या चेक कंपनीने विकत घेतली होती. कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी या आवृत्तीतच घातक संहिता मिसळून दिली होती. ती कंपनीच्याच अधिकृत ठिकाणाहून, कंपनीच्याच डिजिटल सहीनिशी वाटली गेली, आणि १८ सप्टेंबरला प्रकार जाहीर होईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. त्यांतील सुमारे ४० संगणकांवर, तेही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या, चोरांनी पुढची चाल केली; बाकीचे लोक थोडक्यात बचावले. कंपनीने नवी आवृत्ती काढून तो दोष दूर केला. संगणकातील सगळे कोपरे झाडण्याची मुभा ज्याला दिली, त्याला सगळे कोपरे दिसतात, हे या प्रकरणातून ध्यानी येते. अधिकृत ठिकाणी जर असे घडू शकते, तर ओळखीच्या मनुष्याने पेनड्राइव्हवरून आणून दिलेल्या 'फुल व्हर्जन' सफाई प्रोग्रामचा भरवसा कितपत धरावा, याचा शिक्षकांनीच विचार करावा. डाउनलोडच्या खुणा काढण्यासाठी ब्राउझरमधील स्वतःची सोय आणि फायली हाताने खोडणे एवढे पुरते. 'रजिस्ट्री' नावाचा विंडोजचा जो अंतर्गत दप्तरखाना आहे, त्याच्या सफाईचा चौकोन तर मुळीच निवडू नये. असले प्रोग्राम वापरण्यास खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

खोडलेली फाइल कोठे जाते

येथपर्यंतचा भाग मुलांना सांगून कळेल. पुढचा भाग दाखविल्यावाचून कळणार नाही, आणि तो दाखविण्यास संगणकाचीही गरज नाही. वीज गेलेली असली तरी हा पाठ थांबत नाही.

एका मुलाला वहीच्या पानावर टोकदार पेन्सिलीने, जरा दाबून, एखादे वाक्य लिहावयास सांगावे. ते पान फाडून घ्यावे आणि वर्गासमोर त्याचे तुकडे करावेत. आता वाक्य कोठे आहे, असे विचारावे. गेले, असे उत्तर येईल. मग वहीचे खालचे कोरे पान घेऊन त्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासावी. घासलेल्या काळसर पट्ट्यात अक्षरे पांढरी उमटू लागतात, आणि वर्गात जो गलका होतो तो शांत होईपर्यंत शिक्षकाने थांबावे. हीच पाठाची जागा आहे.

संगणकाच्या तबकडीवर काहीसे असेच घडते. फाइल खोडली की ती प्रथम कचरापेटीत, म्हणजे रिसायकल बिनमध्ये, जाते आणि तेथून जशीच्या तशी परत आणता येते. शिफ्ट ही कळ दाबून धरून डिलीट केल्यास ती कचरापेटीत न जाता परस्पर खोडली जाते. परंतु तेव्हाही तबकडीवरील मजकूर तत्काळ पुसला जात नाही. ही जागा आता मोकळी आहे, येथे दुसरे काही लिहिण्यास हरकत नाही, एवढाच शेरा संगणक मारतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर विशेष साधनांनी परत वाचता येतो. मुलांच्या वहीत याचे उत्तरही आहे: उमटलेल्या अक्षरांवर उभ्याआडव्या रेघा ओढाव्यात, मग कितीही घासले तरी वाक्य वाचता येणार नाही. सफाईच्या प्रोग्रामांत 'वरून लिहून खोडणे' असा पर्याय असतो तो हाच. तीत एकदा, ३ वेळा, ७ वेळा, ३५ वेळा असे पर्याय दिसतात. ३५ हा आकडा ऑकलंड विद्यापीठातील पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधावरून रूढ झाला. आजच्या तबकड्यांना त्याची गरज नाही हे पुढे त्यांनीच स्पष्ट केले. फिरत्या तबकडीवर एकवार लिहिणे पुरेसे समजतात. नव्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते. तिच्यात नवा मजकूर जुन्याच जागी पडेल याची शाश्वती नसते, म्हणून तेथे ३५ फेऱ्या मारण्याने झीज वाढते आणि खात्री मात्र वाढत नाही.

प्रत्यक्ष संगणक चालू असेल त्या दिवशी मुलांना शिवनेरी किल्ल्याचे एखादे चित्र उतरवू द्यावे. यादीतील नोंद काढवून फोल्डर उघडावयास लावावे. चित्र तेथे आहे हे त्यांनी स्वतः पाहिले पाहिजे. तेच चित्र पुन्हा उतरवून कंसातील १ त्यांच्या नजरेस आणावा. मग खोडणे, कचरापेटीतून परत आणणे आणि अखेर कचरापेटी रिकामी करणे, अशा क्रमाने जावे. प्रत्येक पायरीला, आता चित्र कोठे आहे आणि त्याची नोंद कोठे आहे, हे दोनच प्रश्न विचारावेत. अधिक बोलू नये.

या पाठानंतर एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, मग घरच्या मोबाइलवरचे पुसले तर बाबांना कळणार नाही ना?" या प्रश्नावर रागावण्याचे कारण नाही आणि खोटे भय घालण्याचेही नाही. मोबाइलवरील यादी जाईल हे खरे, असे सांगावे. मात्र मोबाइल बाबांच्या खात्यावर चालत असेल, तर तोच इतिहास त्या खात्यातही जमा झालेला असू शकतो आणि दुसऱ्या यंत्रावर दिसू शकतो. ज्या ठिकाणाहून वस्तू आली, त्याची जावक नोंदवही तर निराळीच. सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने २०११ साली केलेल्या नियमांनुसार चालकाने पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष जपून ठेवावयाची असते. ती खुर्चीवरील मनुष्याने पुसण्याजोगी नसते. एवढे ऐकल्यावर मुलाने काय लपवावयाचे आहे हे चारचौघांत विचारू नये. मधल्या सुट्टीत तो आपण होऊन आला, तर ऐकून घ्यावे. कित्येकदा त्याला कोणीतरी पाठविलेल्या एखाद्या चित्राची भीती वाटत असते आणि ते पुसण्याची त्याला घाई झालेली असते. अशा प्रसंगी ते चित्र पुसण्यापूर्वी जाणत्या माणसाने पाहणे हिताचे असते. धमकी देणाऱ्याविरुद्ध तक्रार करावयाची झाल्यास तोच पुरावा असतो.

शाळेच्या संगणकाविषयी

वरील विवेचनावरून शाळेचा संगणकही रोज सायंकाळी झाडून काढावा असा अर्थ कोणी काढू नये. शाळेच्या संगणकावरील इतिहास ही एक प्रकारची आवक नोंदवहीच आहे. परिपत्रक कोणत्या दिवशी उतरविले, ही शंका पुढे निघाल्यास तेथे पाहता येते. संगणकात विषाणू शिरल्यास तो कोणत्या फाइलीबरोबर आला हे शोधण्याचे साधनही तेच. एखाद्या शिक्षकाने सद्‌हेतूने सर्व नोंदी पुसल्या आणि दुसऱ्या दिवशी चौकशी आली, तर सद्‌हेतू सिद्ध करणे अवघड जाते. तेथे इतिहास राहू द्यावा. संगणकास शब्दखूण घालावी, मुलांसाठी व शिक्षकांसाठी निरनिराळी खाती करावीत, आणि मुलांच्या माहितीच्या फायली मुलांच्या खात्यावर कधीही उतरवू नयेत.

परक्या संगणकाचा प्रकार वेगळा. तेथे शक्यतो यादी उतरवूच नये. पोर्टलवरच दुरुस्ती होत असेल तर तेथेच करावी. उतरविणे भागच पडले, तर ती पेनड्राइव्हवर उतरवावी, म्हणजे डाउनलोड्समध्ये प्रत राहत नाही. काम संपल्यावर कंट्रोल व जे दाबून यादी पाहावी, आणि तिच्या आधाराने फोल्डरमधील प्रत्येक प्रत, कंसातील आकड्यांसह, शिफ्ट व डिलीटने खोडावी. त्यानंतरच नोंदी पुसाव्यात. हा क्रम उलटा करू नये, कारण वही आधी पुसली तर काय काय उतरविले होते हे आठवण्याचे साधन हातचे जाते. पोर्टल, ई-पत्र व व्हॉट्सॲप वेब यांतून बाहेर पडल्याची खात्री करावी. व्हॉट्सॲपच्या बाबतीत, राहून गेले असे वाटेत आठवले तर मोबाइलमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' या ठिकाणाहूनही तो दुवा तोडता येतो. एस. टी. चुकेल अशी वेळ असली तरी या गोष्टीस दोन-तीन मिनिटांहून अधिक लागत नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाच्या अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीस विशेष जपण्याची अपेक्षा ठेवली आहे, आणि खेड्यातील मुलाची माहिती बहुधा त्याच्या गुरुजींच्याच हातून बाहेर जाते किंवा राखली जाते.

शेवटी जुन्या संगणकांविषयी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत शाळांना मिळालेले कित्येक संगणक आता बंद पडून कोपऱ्यात धूळ खात आहेत, आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीतून त्यांचे निर्लेखन होऊन ते भंगारात जातील. अमेरिकेतील सिम्सन गारफिंकेल व अभी शेलट या दोन अभ्यासकांनी वापरलेल्या १५८ तबकड्या बाजारातून विकत घेऊन त्यांची तपासणी केली होती. तिचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचता आलेल्या १२९ तबकड्यांपैकी नीट साफ केलेल्या केवळ १२ होत्या, आणि बाकीच्यांतून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक हाती लागले. शाळेच्या तबकडीत क्रेडिट कार्डे नसतील. पण दहा वर्षांच्या पटावरील मुले असतील. तेव्हा संगणक चालू होत असेल तर तबकडीवर सर्वत्र एकवार लिहून ती पुसून घ्यावी. चालू होत नसेल तर भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी रीतसर परवानगी घेऊन तबकडी स्क्रू काढून वेगळी करावी, हातोडीने अथवा भोके पाडून निकामी करावी, आणि तसे केल्याचा शेरा निर्लेखनाच्या प्रस्तावात तारखेसह लिहावा.